जनमत चाचण्या, एक्झिट पोल आणि नेत्यांची लोकप्रियता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की तेच तेच प्रश्न येऊ लागतात. काही कुतूहलानं विचारलेले, काही सरळ चिडून. त्यांतले जे पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केलेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. ओपिनियन पोल, एक्झिट पोल आणि पोस्ट-पोल यांत फरक काय? टीव्हीवर तर सगळं सारखंच दिसतं.

फरक विचारण्याच्या वेळेचा. ओपिनियन पोल, म्हणजे जनमत चाचणी, मतदानाआधी होते: "आज मतदान झालं तर कुणाला द्याल?" एक्झिट पोलमध्ये मत देऊन केंद्राबाहेर पडलेल्या माणसाला गाठलं जातं. पोस्ट-पोल मतदानानंतर एक-दोन दिवसांनी, निकालाआधी, घरी जाऊन केला जातो. तो सगळ्यांत निवांत असतो आणि टीव्हीवर सगळ्यांत कमी दिसतो, कारण त्यातून जागांपेक्षा "कोणी कुणाला का मत दिलं" हे जास्त कळतं. त्यात सनसनाटी नसते.

चौथा प्रकार निवडणुकीशिवायचा: सरकारच्या कामावर समाधानी आहात का, पंतप्रधान म्हणून कोण हवं, महागाई वाढली का. त्याबद्दल प्रश्न ८ आणि ९ पाहा.

२. आमच्या घरी आजवर कुणीही विचारायला आलेलं नाही. मग हे आकडे येतात कुठून?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. २०२४ ला देशात सुमारे ९७ कोटी नोंदणीकृत मतदार होते. दहा हजार लोकांची चाचणी केली तर साधारण ९७ हजारांत एकाचा नंबर लागतो. म्हणजे अख्ख्या तालुक्याच्या गावात एक जण. तो तुम्ही किंवा तुमचा शेजारी नसणार, हेच जास्त संभवतं. "मला कुणी विचारलं नाही" यावरून चाचणी झालीच नाही असं म्हणता येत नाही.

३. पण दहा हजार लोकांना विचारून ९७ कोटींच्या मनातलं कसं कळेल?

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पातेलं पावशेर तांदळाचं असो की लग्नाच्या जेवणाचं, दाबून बघायला शितं तेवढीच लागतात. संख्याशास्त्राचंही तसंच आहे. हजार लोकांची नीट निवड केली तर चूक वर-खाली तीन टक्क्यांच्या आसपास राहते, दहा हजारांची केली तर एक टक्क्याच्या. लोकसंख्या एक कोटी आहे की शंभर कोटी, यानं त्यात जवळजवळ फरक पडत नाही.

पण भात तळाला लागलेला आणि वर कच्चा असेल, आणि आपण वरचंच शीत उचललं, तर मग कितीही शितं दाबली तरी उपयोग नाही. चाचण्या चुकतात त्या बहुधा इथे. शितं कमी पडली म्हणून नाही, पातेल्यात पळी तळापर्यंत गेली नाही म्हणून. रस्त्यावर, स्टँडवर, बाजारात भेटलेल्या माणसांना विचारलं की पुरुष जास्त येतात, तरुण जास्त येतात, मोकळेपणानं बोलणारे जास्त येतात. शेतात खुरपायला गेलेली बाई त्यात येत नाही.

अजून एक खाच. देशभरातले दहा हजार म्हणजे महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे हजार. ४८ मतदारसंघांत वाटले तर एकेका ठिकाणी वीस-एकवीस. तेव्हा देशाच्या चाचणीवरून कुणी बारामतीचा किंवा नाशिकचा निकाल सांगू लागला, तर तो वीस माणसांवर बोलतोय हे लक्षात असू द्या.

४. प्रत्यक्ष घरी येऊन विचारतात तेव्हा नेमकं काय होतं?

चांगल्या पद्धतीत माणूस सर्वेक्षकाने निवडायचा नसतो. मतदारयादीतून ठरावीक अंतरानं नावं काढलेली असतात आणि त्या नावाच्याच माणसाला शोधायचं असतं. तो सापडला नाही तर "शेजारचा चालेल" असं म्हणायची सोय नसते. लोकनीती-सीएसडीएसचे अभ्यास या पद्धतीनं होतात. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेनं १९६७ पासून निवडणूक अभ्यास केलेत, लोकनीती हा तिचा कार्यक्रम १९९७ पासून चालतो. मत कुणाला दिलं हा प्रश्न तिथे तोंडी विचारत नाहीत. एक खोटी मतपत्रिका आणि एक पेटी पुढे करतात.

कॉलेजात असताना सोलापूर जिल्ह्यात मी स्वतः असं काम केलंय. यादीची झेरॉक्स, पाठीवर सॅक, सॅकमध्ये पेटी. एका वस्तीवर यादीतल्या आजी सापडल्या. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच: "आमच्या मालकांस्नी इचारा." मालक बाजेवर बसून उत्तरं द्यायला अगदी तयार! शेवटी मतपत्रिका दिली. आजी उठल्या, चुलीकडे तोंड केलं, शिक्का मारला, कागदाच्या चार घड्या घातल्या आणि पेटीत सारल्या. मग हळूच विचारलं, "ह्ये पण खरं धरत्यात का?" मालकांना विचारून भरलेला फॉर्म आणि ती चार घड्यांची चिठ्ठी यांत एकच उत्तर होतं का, मला माहीत नाही. चिठ्ठ्या वेगळीकडे उघडल्या जायच्या.

५. लोक खरं सांगतात का?

बहुतेक सांगतात. न सांगणाऱ्यांची तऱ्हा मात्र वेगवेगळी असते. "अजून ठरवलं नाही" याचा अर्थ पुष्कळदा "तुला कशाला सांगू" एवढाच असतो. पारावर चार जणांसमोर विचारलं की चौघांचं उत्तर एकच येतं, ते गावातल्या वजनदार माणसाचं. हातात यादी दिसली की काहींना वाटतं, योजनेतून नाव कापायला आलेत. मग तोंडून सत्तेतल्या पक्षाचंच नाव निघतं. निकाल लागल्यावर विचारलं तर उलटी गंमत: जिंकलेल्याला मत दिल्याचं सांगणारे, त्याला प्रत्यक्ष मिळालेल्या मतांहून जास्त भरतात.

फोनवरून आणि ऑनलाइन घेतलेल्या चाचण्यांत ही भीड थोडी कमी होते, पण मग फोन कुणाच्या हातात आहे हा प्रश्न उभा राहतो.

६. मतांची टक्केवारी जवळपास बरोबर असते, मग जागा इतक्या कशा चुकतात?

कारण जागा कुणी मोजलेल्याच नसतात. चाचणीत मोजलं जातं मत, आणि त्याचं जागांत रूपांतर हा वरून केलेला अंदाज असतो. आपल्याकडे एका मतानं पुढे असणारा अख्खी जागा घेऊन जातो, त्यामुळे टक्क्याचा छोटा फरक जागांत डोंगराएवढा होतो.

महाराष्ट्राचंच बघा. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. जागा पडल्या ३० आणि १७. उरलेली एक सांगली, ती अपक्षाला. मुंबई उत्तर-पश्चिमची जागा तर ४८ मतांवर गेली. पाच महिन्यांनी विधानसभेला महायुती पन्नास टक्क्यांच्या जवळ गेली, आघाडी पस्तिशीच्या आसपास राहिली, आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मोठ्या पक्षांच्या जागा झाल्या २३० विरुद्ध ४६. बहुतेक एक्झिट पोलनी महायुतीला पुढे दाखवलं होतं, म्हणजे दिशा बरोबर होती. एवढी मोठी लाट जवळपास कुणालाच दिसली नव्हती.

हरियाणात ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाही चुकली. भाजप आणि काँग्रेस यांच्या मतांत टक्क्याच्या आतला फरक, जागा मात्र ४८ आणि ३७. सगळे जण काँग्रेसचं सरकार बनवून मोकळे झाले होते.

गोव्यात हे काम आणखी कठीण. विधानसभेचे ४० मतदारसंघ, एकेकात सरासरी तीसेक हजार मतदार. २०२२ मध्ये फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला. कुठल्याही सर्वेक्षणाची पळी एवढी बारीक नसते. तेव्हा बहुतेक एक्झिट पोलनी त्रिशंकू सांगितलं आणि भाजपला ४० पैकी २० मिळाल्या.

आणि काही गोष्टी तर कुठल्याच प्रश्नावलीत बसत नाहीत. २०२४ ला साताऱ्यात शरद पवार गटाचं चिन्ह होतं "तुतारी वाजवणारा माणूस", आणि एका अपक्षाला मिळालं होतं नुसतं "तुतारी". त्या अपक्षाला ३७ हजारांहून जास्त मतं पडली. पवार गटाचा उमेदवार हरला सुमारे ३३ हजारांनी. केंद्राबाहेर विचारलं असतं तर यांतल्या पुष्कळांनी कुणाचं नाव घेतलं असतं? बटण चुकलं हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?

७. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, सगळेच्या सगळे एकाच बाजूला कसे चुकले?

१ जूनच्या संध्याकाळी बहुतेकांनी एनडीएला, म्हणजे भाजपच्या आघाडीला, साडेतीनशेच्या वर, काहींनी थेट चारशे दिले. ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजारांनी चढला, ४ जूनला जवळपास चार हजार चारशेंनी कोसळला. एनडीए २९३ वर थांबली, भाजप २४० वर. एका नामांकित संस्थेचे प्रमुख थेट प्रक्षेपणात रडले. त्यांची थट्टा फार झाली. मला तरी चुकलो म्हणून रडणारा माणूस, चुकूनही दुसऱ्या दिवशी नवा अंदाज सांगायला बसणाऱ्यांपेक्षा बरा वाटला.

कारण सांगायचं तर: २०१९ मध्ये भाजपला ३७.४ टक्के मतं होती, २०२४ मध्ये ३६.६. देशाची सरासरी टक्काभरही हलली नाही, जागा मात्र ६३ कमी झाल्या. मतं उत्तर प्रदेश-महाराष्ट्रासारख्या, आधी भरभरून जागा दिलेल्या राज्यांत घटली. तमिळनाडूत ती वाढली, पण जागा एकही नाही आली. सरासरीत सगळं भरून निघालं, जागांत नाही. उत्तर प्रदेशात भाजप ६२ वरून ३३ वर आला आणि त्याच राज्यात चाचण्या सर्वांत जास्त फसल्या. माझं मत विचाराल तर दुसरंही एक कारण आहे: सगळ्यांपेक्षा वेगळा आकडा सांगायला कोणीच धजत नाही. सगळे एकदम चुकले तर कुणा एकाला जाब विचारला जात नाही.

८. नेता लोकप्रिय असूनही पक्ष हरतो, हे कसं? आणि "मोदींना जगात सर्वाधिक पसंती" हे खरं की प्रचार?

आकडे खरे आहेत. ते कशाचे आहेत ते बघायचं. मॉर्निंग कन्सल्ट ही अमेरिकी संस्था जागतिक नेत्यांच्या पसंतीची यादी काढते आणि मोदी त्यात वर्षानुवर्षं सत्तर टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतात. ती चाचणी ऑनलाइन होते, आणि भारतातला नमुना साक्षर लोकांचं प्रतिनिधित्व करतो हे संस्था स्वतःच लिहिते. बातमीत ही ओळ गळते. शिवाय वेगवेगळ्या देशांची तुलना फार ताणू नये. काही देशांत पंतप्रधानांवर नाराजी सांगणं हा राष्ट्रीय छंद आहे.

प्यू रिसर्च सेंटरनं २०२३ मध्ये भारतात लोकांना समोरासमोर भेटून विचारलं. ७९ टक्के मोदींबद्दल अनुकूल होते. हा आकडा सगळीकडे छापून आला. त्याच चाचणीत राहुल गांधींबद्दल ६२ टक्के अनुकूल होते, हे फारसं कुणी छापलं नाही. दोन्हींची बेरीज १४१ होते आणि त्यात काही चूक नाही. दोघंही आवडणारे लाखो लोक आहेत. मत मात्र एकच देता येतं.

२००४ हा याचा जुना धडा. वाजपेयी पक्षापलीकडे लोकप्रिय होते, "इंडिया शायनिंग" ही सरकारची जाहिरात जोरात होती, चाचण्या एनडीएला पुढे ठेवत होत्या. निकालात काँग्रेस १४५, भाजप १३८. लोकांनी वाजपेयींना नाकारलं असं म्हणता येत नाही. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतल्या मतदारांनी आपापल्या राज्याचा हिशोब केला आणि दिल्ली त्या हिशोबात बदलली.

९. "नोटाबंदीला ९० टक्के लोकांचा पाठिंबा", "एक देश एक निवडणूक ८० टक्क्यांना हवी": हे कसं वाचायचं?

उत्तर कोणी दिलं ते आधी बघा. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि काही दिवसांतच पंतप्रधानांच्या स्वतःच्या ॲपवर सर्वेक्षण घेतलं गेलं. पाच लाखांहून अधिक लोक, नव्वद टक्क्यांहून जास्त पाठिंबा. पाच लाख हा आकडा डोळे दिपवणारा आहे. पण ते ॲप मोबाइलमध्ये ठेवणारे पाच लाख होते. देवळाच्या दारात उभं राहून "देव आहे का?" असं विचारण्यासारखं झालं ते. माजी राष्ट्रपती कोविंद यांच्या समितीला एकत्र निवडणुकांबद्दल २१,५५८ प्रतिसाद आले, त्यांतले ८० टक्के अनुकूल. तेही आपणहून लिहिणाऱ्यांचे. असे आकडे कळवण्याची हौस असणाऱ्यांचं मत सांगतात, देशाचं नाही. पाच लाख आपणहून आलेल्यांपेक्षा निवडून काढलेले दोन हजार कधीही बरे (प्रश्न ३).

दुसरी गोष्ट: धोरणाला "देशाचं मत" असं एक मत बहुधा नसतंच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात थांबवली. दादरच्या मंडईत गिऱ्हाइकाला भाव आवाक्यात हवा होता, लासलगावात ट्रॅक्टर लावून उभ्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय आला. देशभर विचारलं असतं तर बंदीला भरघोस पाठिंबा मिळाला असता, खाणारे जास्त आणि पिकवणारे कमी म्हणून. पण खाणारा कांद्यावरून मत देत नाही, पिकवणारा देतो. मे २०२४ च्या सुरुवातीला बंदी उठली, २० मे ला दिंडोरीत मतदान झालं आणि तिथल्या केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. किती लोक पाठीशी आहेत एवढं विचारून भागत नाही, त्यांतल्या किती जणांना ते किती टोचतं हेही विचारावं लागतं.

१०. प्रश्नाचे शब्द बदलले की उत्तर बदलतं का?

फार. "शेतकऱ्याला माल कुठेही विकायची मुभा असावी का?" आणि "बाजार समितीबाहेर कंपन्यांनी थेट खरेदी करावी का?" एकाच (आता रद्द झालेल्या) कृषी कायद्याबद्दलचे हे दोन प्रश्न घरी विचारून बघा. पर्याय वाचून दाखवले की नाहीत, यानंही फरक पडतो. २०२४ च्या निवडणुकीआधी लोकनीती-सीएसडीएसनं मतदारांना सर्वांत महत्त्वाचा मुद्दा विचारला तेव्हा २७ टक्क्यांनी बेरोजगारी सांगितली, २३ टक्क्यांनी महागाई. राममंदिर ८ टक्क्यांनी. तेव्हा टीव्हीवरच्या चर्चांत हा क्रम बरोबर उलटा होता.

११. लाडकी बहीण योजनेनं निवडणूक फिरवली, हे चाचणीतून सिद्ध झालंय का?

"पैसे मिळाले का?" याचं उत्तर सरळ मिळतं. "म्हणून मत दिलं का?" याचं मिळत नाही. महिन्याला दीड हजार घेणारी बाई आधीपासूनच त्या पक्षाची असू शकते, किंवा पैसे घेऊन दुसरीकडे मत देऊन मोकळी झालेली. लाभार्थी आणि बिगर-लाभार्थी बायकांची मतं शेजारी ठेवून अंदाज बांधता येतो, पण त्यात सोयाबीनचा भाव, आरक्षणाचा वाद, स्थानिक उमेदवार सगळं मिसळलेलं असतं. परिणाम झाला असं मलाही वाटतं. "सिद्ध झालं" म्हणणाऱ्याला मात्र आकडा मागा.

१२. मतदान चालू असताना एक्झिट पोल का दाखवत नाहीत? व्हॉट्सॲपवर आला तर फॉरवर्ड करावा का?

करू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्ध्या तासापर्यंत एक्झिट पोल करणं आणि कोणत्याही मार्गानं पसरवणं गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. १९९८ मध्ये निवडणूक आयोगानं नुसत्या मार्गदर्शक सूचना काढून बंदी घालून पाहिली होती, पण कायद्याचा आधार नसल्यानं १९९९ मध्ये ती मागे घ्यावी लागली. हे कलम २००९ च्या दुरुस्तीनं आलं.

मतदानाआधीच्या चाचण्यांना एवढी कडक बंदी नाही. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास त्या भागात टीव्हीसारख्या माध्यमांतून त्या दाखवता येत नाहीत. छापील वर्तमानपत्र मात्र या ४८ तासांच्या कलमात येत नाही. ही फट आहे आणि ती सगळ्यांना माहीत आहे.

१३. मग ज्योतिष्यांनी सांगितलेलं चालतं?

नाही! २०१७ मध्ये आयोगानं माध्यमांना बजावलं की बंदीच्या काळात ज्योतिषी आणि टॅरोवाल्यांची निकालाची भाकितंही दाखवू नयेत. प्रश्न थट्टेनं विचारलेला असतो, उत्तर मात्र कागदोपत्री आहे.

१४. पैसे देऊन हवे तसे आकडे मिळतात म्हणे?

फेब्रुवारी २०१४ मध्ये एका वाहिनीनं छुप्या कॅमेऱ्यानं काही चाचणी संस्थांना गाठलं, आणि आकडे फिरवून द्यायची तयारी दाखवणारे लोक त्यात दिसले. तेव्हा मिळत नाहीत असं म्हणता येणार नाही. तरी चुकलेला प्रत्येक आकडा विकलेला नसतो. फसवणारा फारच हास्यास्पद आकडा देत नाही, अंदाजाच्या पट्ट्यात सोयीच्या टोकाला दहा जागा सरकवतो. पद्धत जाहीर न करणाऱ्या संस्थेवर शंका घ्यायचा हक्क वाचकाला आहे. विधी आयोगानं २०१५ च्या अहवालात अशा चाचण्यांवर नियमन असावं असं सुचवलं होतं.

१५. बातमीत आकडा दिसला की आधी काय बघू?

किती लोकांना, कुठे, केव्हा आणि कसं विचारलं (घरी, फोनवर, ऑनलाइन). मग मतांची टक्केवारी. जागा सगळ्यांत शेवटी, आणि त्या पट्ट्यातच वाचायच्या. टक्केवारी दिलेलीच नसेल आणि थेट जागा असतील तर पान उलटा. एखाद्या परदेशी वृत्तसंस्थेच्या नावानं फिरणारा, तळाशी "जास्तीत जास्त शेअर करा" लिहिलेला सर्व्हे आला तर तेवढेही कष्ट घेऊ नका.

१६. मी दुबईत राहतो. माझं मत या चाचण्यांत येतं का?

जवळजवळ नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर मतदारयादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला मूळ मतदारसंघात स्वतः यावं लागतं. सर्वेक्षक गावच्या पत्त्यावर जातो, तिथे तुम्ही नसता. परदेशातल्या सभांची गर्दी पाहून जनमताचा अंदाज बांधणाऱ्यांनाही हेच उत्तर.

१७. सर्वेक्षक दारात आलाच तर उत्तर द्यावं का? आधार नंबर मागितला तर?

उत्तर द्यायचं की नाही ही तुमची मर्जी. द्यायचं ठरवलंत तर एकट्यानं द्या, घरातल्यांना थोडं बाजूला पाठवून. ओळखपत्र बघायला मागा. पडताळणीसाठी फोन नंबर मागतात, तो नाकारला तरी चालतं. आधार, बँक खातं, ओटीपी, मतदान ओळखपत्राचा फोटो यांतलं काहीही जनमत चाचणीला लागत नाही. मागितलं तर तो चाचणीवाला नाही, दार लावून घ्या. आणि खराच चाचणीवाला असेल तर त्याला पाणी विचारा. यादीतलं पुढचं नाव बहुतेक गावाच्या दुसऱ्या टोकाला असतं.